पिकअप ते जॅक, मधे काही नाही

बेस गिटार वाजवणारे कितीतरी जण व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही नॉब शेवटपर्यंत उघडतात आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मीही वर्षानुवर्षं तसाच वाजवत आलो. नॉब दहावर आहे, म्हणजे पिकअपमधून (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी कॉइलमधून) निघालेला आवाज जसाच्या तसा बाहेर पडतोय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दहावरचा नॉबही आवाजावर सतत काम करत असतो, फक्त ते काम थांबलेलं कसं ऐकू येतं हे आपण कधी ऐकलेलं नसतं. ते ऐकायचं तर नॉब वायरिंगमधून पूर्ण काढायचे आणि पिकअपच्या दोन वायरी थेट जॅकला, म्हणजे केबल खोचायच्या जागेला, सोल्डर करायच्या. मी तेच केलं. त्या बेसबद्दल आणि त्याच्याबरोबर बदललेल्या माझ्या हातांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

बेस प्रिसिजन घडणीचा, पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं काही नसलेला. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरनं १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बाजारात आणला तेव्हाही त्यावर हेच दोन नॉब होते. १९५७ मध्ये पिकअप बदलला. एका सलग कॉइलऐवजी दोन तुकडे आले, एक खालच्या दोन तारांसाठी आणि एक वरच्या दोन तारांसाठी. त्या दोन्हींची गुंडाळण आणि चुंबकांची दिशा एकमेकींच्या उलट असल्यामुळे बाहेरची भुणभुण आपोआप कटते. नॉब मात्र तेच राहिले. इतकी साधी मांडणी असल्यामुळेच हा बेस अशा कामाला योग्य. यातून दोन नॉब काढले की उरतं ते एवढंच: चुंबक, कॉइल, वायर, जॅक.

पॅसिव्ह पिकअप म्हणजे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यांच्या मधोमध चुंबक. वर बेसची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो. इतक्या वेढ्यांच्या कॉइलला दोन गोष्टी चिकटलेल्या असतात. एक म्हणजे तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स, जो प्रिसिजनच्या पिकअपमध्ये साधारण १० किलोओहमच्या घरात भरतो. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंडक्टन्स, तो काही हेन्रींचा असतो. बदलत्या प्रवाहाला अडवायचा स्वभाव म्हणजे इंडक्टन्स, आणि प्रवाह जितक्या जलद बदलेल तितका हा अडथळा मोठा.

आता नॉब. नॉबच्या खाली असतो पॉट, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग. प्रिसिजनमध्ये दोन्ही पॉट बहुतेक वेळा २५० किलोओहमचे. व्हॉल्यूम दहावर असतो तेव्हा सिग्नल पॉटच्या वरच्या टोकावरून थेट जॅककडे जातो, हे खरं. पण त्या टोकापासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटेपर्यंत, २५० किलोओहमची कार्बनची पट्टी तशीच जोडलेली राहते. टोनच्या पॉटची दुसरी पट्टी तिला समांतर. तिच्या पलीकडे कपॅसिटर असतो, साधारण ४७ नॅनोफॅरडचा. खालच्या स्वरांना तो फारशी वाट देत नाही, पण वरच्या कंपनांच्या दृष्टीनं तो नसल्यासारखाच. म्हणजे वरच्या स्वरांत पिकअपला दोन २५० किलोओहम समांतर दिसतात, मिळून १२५. नॉब दहावर असताना या वाटेनं ट्रेबलचा, म्हणजे वरच्या कंपनांचा, एक भाग सतत ग्राउंडमध्ये जात असतो. शिवाय पॉटच्या रेझिस्टन्समध्ये २० टक्क्यांपर्यंतचा फरक सर्रास चालतो. २५० लिहिलेला पॉट २०० चा निघू शकतो किंवा ३०० चा. एकाच मॉडेलचे दोन बेस वेगळे वाजतात तेव्हा आपण लाकडाचे गोडवे गातो. माझ्या मते आधी मल्टिमीटर घेऊन पॉट मोजावेत.

नॉब काढले की ही गळती थांबते. पिकअपला आता फक्त अँपचं इनपुट दिसतं, जे साधारण १ मेगाओहम असतं. १२५ किलोओहमवरून एकदम १ मेगाओहम. पहिली अपेक्षा अशी की आवाज दणकून वाढेल. तसं होत नाही. कॉइलचे १० किलोओहम दोन्ही बाबतींत इतके छोटे आहेत की खालच्या आणि मधल्या स्वरांत पडणारा फरक एका डेसिबलपेक्षाही कमी. तेवढा कानाला सहसा कळत नाही. थेट वायरिंगनं बेस जोरात वाजतो असं ज्यांना वाटतं, त्यांना खरं तर दुसरंच काही ऐकू येत असतं.

ते दुसरं म्हणजे शिखर. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक अनुनादी जोडी तयार होते. एका ठरावीक कंपनसंख्येच्या आसपास ही जोडी आवाज उचलते आणि तिच्या पलीकडे झपाट्यानं खाली सोडते. गिटारच्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. हिशोबाला सोपं म्हणून पिकअप ४ हेन्रीचा धरू, केबल ५ मीटरची, आणि कॉइलचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड. शिखर येतं ३,२५० हर्ट्झच्या आसपास. नॉब असोत वा नसोत, शिखराची जागा फारशी हलत नाही. उंची बदलते. दोन पॉटचा भार असताना ते एक बुटकं टेकाड असतं, जेमतेम दोन डेसिबलचं. भार काढला की कागदावरच्या हिशोबात ते चौदा डेसिबलजवळ जातं. प्रत्यक्षात चुंबकाच्या धातूत फिरणारे प्रवाह त्यातलं बरंच खाऊन टाकतात, त्यामुळे इतकं येत नाही. पण जे उरतं ते लपत नाही, कारण माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्येच सगळ्यात तिखट असतो.

बेसची सगळ्यात खालची ई तार खुली वाजवली तर तिचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झ. वरची जी तार ९८ हर्ट्झ. म्हणजे हे शिखर ई तारेच्या मूळ स्वराच्या जवळजवळ ऐंशीपट उंचीवर आहे. तिथे खर्ज नाही, सुराचा गाभाही नाही. तिथे असतं बोटाचं तारेवर घासणं, नखाचा ओझरता स्पर्श, तार फ्रेटला थडकते तो ‘खट्’, सरकणाऱ्या हाताची सळसळ. सूर तोच राहतो, त्याच्या कडा उजळतात. तंबोऱ्याची जवारी खुली केली की खर्ज तोच असूनही त्याच्याभोवती एक लखलखीत कड उभी राहते, तसं काहीसं. जवारी लावून देणारा माणूस दोरा एका केसाइतका सरकवतो आणि अख्खं वाद्य बोलायला लागतं. थेट जोडलेला बेस पहिल्यांदा ऐकताना मला त्याच सरकलेल्या दोऱ्याची आठवण झाली.

हे सगळं ऐकू यायला समोरचा स्पीकरही तसा हवा. ट्वीटर नसलेल्या, पंधरा इंची जुन्या कॅबिनेटवर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तो कोन त्या उंचीवर फारसं काही वाजवतच नाही. हेडफोन लावा, तोच बेस अंगावर येतो. म्हणून ज्यांना हे करून बघायचंय त्यांना मी सांगेन की आधी काहीही उचकटू नका. पिकगार्ड उघडा, पिकअपच्या दोन वायरी पॉटवरून सोडवा आणि मगरी-क्लिपांनी केबलच्या मोकळ्या टोकाला लावा. मग रोज वाजवता त्याच अँपवर ऐका. आवडलं तर सोल्डरिंग आयर्न तापवा.

वायरिंगबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, पण एक वायर अशी आहे की ती सुटली तर सगळं फुकट जातं. पिकअपची गरम (सिग्नलची) वायर जॅकच्या टिपला, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पत्रीला, आणि ग्राउंडची वायर स्लीव्हला, म्हणजे बाहेरच्या भागाला. इतकं केलं की आवाज येतो आणि काम संपलं असं वाटतं. पण ब्रिजखालून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाखालून, एक वायर येते, ती जुन्या मांडणीत व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर सोल्डर केलेली असते. पॉट गेला की तिचं घर गेलं. ती वायर उचलून जॅकच्या स्लीव्हलाच जोडायची. आपलं शरीर भोवतालच्या विजेची भुणभुण गोळा करत असतं. तारांना हात लागला की ब्रिजमार्गे शरीर ग्राउंडला जोडलं जातं आणि ती भुणभुण दबते. ही वायर नसेल तर उलट होतं, हात जवळ नेला की आवाज वाढतो. पोकळीत तांब्याची पट्टी किंवा पिकगार्डखाली ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर त्याचीही एक वायर त्याच जागी. पूर्वी हे सगळं पॉटच्या पाठीवर जमायचं आणि त्या जाड धातूवर सोल्डर वितळवताना हातातलं आयर्न थंड पडायचं. जॅकच्या पातळ पत्रीवर तेच काम क्षणात होतं.

झालं की तारा चढवायच्या आधी मल्टिमीटर लावायचा. केबल खोचून तिच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हमध्ये मोजलं की थेट कॉइलचा रेझिस्टन्स दिसतो. पूर्वी तिथे पॉट समांतर असल्यामुळे थोडा कमी दिसायचा. ब्रिज आणि स्लीव्हमध्ये शून्याच्या जवळ यायला हवं. हे दोन आकडे बरोबर आले तर बिघडण्यासारखं आत काही राहतच नाही. खरखरणारा पॉट नाही, धूळ बसणारी कार्बनची पट्टी नाही. घाम येणाऱ्या हाताखाली वर्षं काढणाऱ्या वाद्यात हे सुख मी फार मोठं मानतो.

व्हॉल्यूमच्या पॉटची आणखी एक सवय जाता जाता जाते. तो आठवर आणला की आवाज थोडा कमी होतो आणि त्याच्याबरोबर धारही बोथट होते. कारण अर्ध्या उघडलेल्या पॉटच्या पट्टीतला रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो आणि पुढच्या केबलच्या कपॅसिटन्सबरोबर ट्रेबल कापतो. २५० किलोओहमच्या पॉटमध्ये हा अडथळा जास्तीत जास्त साडेबासष्ट किलोओहमपर्यंत जातो. काही जण त्यावर उतारा म्हणून पॉटवर छोटा कपॅसिटर लावतात. नॉबच नाही म्हटल्यावर रोग आणि औषध दोन्ही गेले.

आता अडचण. नॉब नसलेला बेस गप्प कसा करायचा? दोन गाण्यांच्या मधे, कुणी बोलत असताना, बेस खांद्यावरून उतरवताना? केबल उपटली तर तिच्या टोकाला हात लागून स्पीकरमधून जो काही आवाज येतो तो कुणालाच नको असतो. ट्यूनरचा पेडल पायाशी ठेवला आणि त्याच्या म्यूटवर पाय दिला की काम होतं. बेसवरच बटण हवं असेल तर एक साधा स्विच लावता येतो, पण तो सिग्नल तोडणारा नको, टिप आणि स्लीव्ह एकमेकांना जोडणारा हवा. सिग्नल तोडला तर केबलची गरम वायर हवेत लोंबकळत राहते आणि भुणभुण ओढून घेते. जोडला तर अँपला निखळ शांतता मिळते. पिकअपला त्यानं काही होत नाही.

पण खरी शांतता हातांतूनच येते, हे मला या बेसनं शिकवलं. व्हॉल्यूम असताना गाण्याच्या विरामात करंगळीनं नॉब खाली आणायची सोय असते. ती गेली की डाव्या हाताची बोटं तारांवर पसरून ठेवावी लागतात आणि उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर टेकून ठेवावा लागतो, कारण खुल्या तारा इतर वाद्यांच्या आवाजानंही कंपू लागतात. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला ई तार स्वतःहून बोलते. थेट जोडणीत ते सगळं ऐकू येतं. सुरुवातीला वाजवण्यापेक्षा न वाजवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागायचं. मला वाटतं तेच लक्ष पुढे वाजवण्यातही उतरलं. स्वर कुठे संपवायचा हे मी पूर्वी क्वचितच ठरवत असे, तो आपोआप विरायचा. आता प्रत्येक स्वर कुणीतरी थांबवलेला असतो.

टोनचं काय? टोन शून्यावर नेला की ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पिकअपला थेट समांतर येतो आणि सगळं शिखर घसरून साडेतीनशे-पावणेचारशे हर्ट्झपर्यंत खाली येतं. तो गोल, बंद आवाज हातानं हुबेहूब काढता येत नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. रेगे वाजवणाऱ्याला मी नॉब काढायला सांगणार नाही. पण त्या टोकाच्या अलीकडे जो मोठा प्रदेश आहे तो सगळा उजव्या हाताचा आहे. ब्रिजजवळ छेडलं की तार ताठ लागते, आवाज सुका आणि टोकदार येतो. फ्रेटबोर्डच्या टोकाशी गेलं की भरतो, मऊ होतो. यामागचं कारण सुंदर आहे: तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांची गाठ असते, ते उपस्वर वाजतच नाहीत. तारेच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर छेडलं तर मूळ स्वराच्या चौपट, आठपट, बारापट कंपनांचे उपस्वर गैरहजर. बेसची तार ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटरची. ब्रिजपासून २१६ मिलिमीटरवर ही जागा येते, तीही खुल्या तारेसाठी. डावा हात वर सरकला की वाजणारी तार आखूड होते आणि जागाही सरकते. त्यामुळे एकाच जागी बोट ठेवून वाजवणाऱ्याचा टोन खरं तर प्रत्येक स्वरागणिक बदलत असतो, आणि डाव्या हाताबरोबर उजवा सरकवणाऱ्याचा एकसारखा राहतो. नॉब फिरवून हे साधत नाही.

बोटाचं मांस, बोटाचा कोन, दाब किती, तार ओढून सोडली की नुसती पुसली, तळहाताची कड ब्रिजवर टेकली की नाही. दोन नॉबांच्या ऐवजी हे सगळं. ते आधीही होतंच, फक्त आता कडा उजळल्यामुळे त्यातला प्रत्येक बदल बाहेर दिसतो. चांगला स्पर्श चांगला दिसतो, ढिलाई लगेच उघडी पडते. सरावाला मला हा बेस म्हणूनच आवडतो.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनबद्दल सांगतात की त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवर दोन्ही नॉब पूर्ण उघडे असायचे. नॉब होते, पण त्याच्या आवाजाचे निर्णय तिथे होत नव्हते. जाड फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा, त्याही शक्यतो न बदललेल्या. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा. आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. आवाजाचा गडदपणा तारांत होता, स्वराची लांबी स्पंजात होती आणि उरलेलं सगळं त्या एका बोटात. इतका मऊ, भरलेला आवाज टोन पूर्ण उघडा ठेवून येतो हे कळल्यावर माझी टोनच्या नॉबबद्दलची बरीचशी आसक्ती सुटली.

नॉब गेल्यावर ज्या गोष्टी नव्यानं कामाला लागल्या त्यांत पहिली म्हणजे पिकअपचे उंचीचे स्क्रू. व्हॉल्यूम आता तिथे आहे. पिकअप वर आला की आवाज मोठा आणि थेट, खाली गेला की सौम्य आणि मोकळा. फार वर आणला तर चुंबक तारेला ओढायला लागतो, विशेषतः ई तार वरच्या फ्रेटवर दाबली की सूर डगमगतो. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असल्यामुळे खालच्या आणि वरच्या तारांची पातळी वेगवेगळी लावता येते. हे काम कारखान्यातून आल्यावर सहसा कुणी करत नाही. एका संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन पाव पाव वेढा फिरवत बसण्याचं सुख ज्यानं घेतलं नाही त्यानं जरूर घ्यावं.

दुसरी गोष्ट केबल. पॉटचा भार असताना केबल बदलून फारसं काही कळत नाही, कारण शिखरच बुटकं असतं. आता तेच उंच आहे, त्यामुळे ते कुठे उभं आहे हे स्पष्ट ऐकू येतं. वरच्याच हिशोबात केबल ३ मीटरची घेतली तर शिखर ४ किलोहर्ट्झजवळ जातं, १० मीटरची घेतली तर २,४०० हर्ट्झवर उतरतं. आखूड केबल काचेसारखी, लांब केबल घशातून बोलणारी. केबल हाच माझा टोन झाला. त्याच कारणासाठी पहिला पेडल बफर असलेला (आतल्या सर्किटनं पुढची केबल स्वतः चालवणारा) असेल तर त्याच्या पुढच्या केबलींना काही अर्थ राहत नाही. बेसपासून पहिल्या पेडलपर्यंतची तेवढी मोजायची.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी इंटरफेसचं इनपुट बघून घ्यावं. वाद्यासाठीचं इनपुट साधारण १ मेगाओहमचं असतं. चुकून लाइनच्या इनपुटमध्ये बेस लावला, जे १० किलोओहमच्या आसपास असतं, तर सातशे हर्ट्झपासूनच आवाज उतरू लागतो. मग नॉब काढल्याचा उपयोग सोडाच, आधीपेक्षाही वाईट ऐकू येतं.

शिखर फार टोचत असेल तर त्यावर एक छोटा, स्वस्त आणि सरळ उपाय आहे. जॅकच्या टिप आणि स्लीव्हमध्ये एक रेझिस्टर सोल्डर करायचा. १२० किलोओहमचा लावला तर दोन्ही नॉब दहावर असल्यासारखं होतं. २७० चा लावला तर टोन काढून फक्त व्हॉल्यूम ठेवल्यासारखं. ४७० चा लावला तर त्याहून उजळ, पण थेट जोडणीपेक्षा आवरलेलं. एक रेझिस्टर, दोन टोकं, आणि बेसचा स्वभाव ठरला. नॉब दहावर ठेवण्यात आणि हे करण्यात मला मोठा फरक वाटतो. दहावरचा भार पॉट बनवणाऱ्याच्या सोयीनं आलेला असतो. हा मी ऐकून निवडलेला आहे. राउंडवाउंड (गोल, खरबरीत वेढ्यांच्या) तारा असताना माझ्या बेसमध्ये ४७० किलोओहम होता आणि तेव्हा तो बरोबर होता.

ज्यांना इतकं टोकाला जायचं नाही त्यांच्यासाठी नो-लोड पॉट मिळतो. दहावर गेला की त्याची पट्टी तुटते आणि टोन सर्किटच्या बाहेर पडतो, खाली आणला की नेहमीसारखा चालतो. बहुतेकांनी आधी हाच करून बघावा. अॅक्टिव्ह पिकअप किंवा प्रीअँप (बॅटरीवरचं छोटं अँप) असलेल्या बेसवर मात्र या सगळ्याचा काही उपयोग नाही. तिथे आतला प्रीअँपच केबल चालवतो, पॉट २५ किलोओहमचा असला तरी त्याला जड जात नाही, आणि काढला तरी टोन बदलत नाही.

दोन पिकअपच्या बेसवर प्रश्न वेगळा होतो. फेंडरच्याच जाझ घडणीच्या बेसवर दोन व्हॉल्यूम हे आवाज लहानमोठा करण्यासाठी कमी आणि दोन जागांचं मिश्रण ठरवण्यासाठी जास्त असतात. ते काढले की दोन्ही पिकअप कायमचे समांतर राहतात. भुणभुण नेहमी कटेल, इंडक्टन्स निम्मा झाल्यामुळे शिखर आणखी वर जाईल, पण फक्त ब्रिजच्या पिकअपचा तो नाकातला, बोलका सूर हातून जाईल. तो सूर हातानं भरून काढता येत नाही, कारण तो पिकअपच्या जागेचा आहे. माझ्या जाझवरचे तिन्ही नॉब म्हणूनच जागच्या जागी आहेत.

प्रिसिजनमधून काढलेले पॉट, कपॅसिटर आणि त्यांच्या वायरी मी न तोडता अख्ख्या ठेवल्यात. कधी परत लावायच्या झाल्या तर तीनच सोल्डर मारावे लागतील. मधे मी त्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा चढवल्या. त्या गुळगुळीत असल्यामुळे बोटांची सळसळ गेली आणि ४७० च्या रेझिस्टरनं आवाज जरा मिटल्यासारखा वाटू लागला, तेव्हा तोही काढला. सध्या फ्लॅटवाउंड तारा, पिकअप ई तारेच्या बाजूनं थोडा खाली, जॅकवर काहीही नाही. रोजच्या सरावाला तीन मीटरची केबल, आणि संथ गाण्यांना दहा मीटरची.